गोमंतकातील दंतयात्रा

गोमंतकात जावयाचे म्हणजे आमच्यासारख्या घाटावरच्या मंडळींस आजवर एकच सबळ कारण असे, आणि ते म्हणजे कुलदेवता. समुद्र पाहावयास जाणे हे तरुणांचे कारण. त्यात आम्ही पडत नाही. गेल्या आश्विनात आम्ही गेलो ते मात्र तिसऱ्याच कारणासाठी, आणि ते कारण आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीच्या तोंडात होते.

मुलगी पंचविशीची, वकिलीची सनद घेतलेली, बुद्धीने तल्लख. पुतण्याची नोकरी पुष्कळ वर्षे चंद्रपूरकडे झाली. तिचे बालपण तेथे विंधन विहिरीच्या पाण्यावर गेले. त्या भागातील कित्येक विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार प्रमाणाबाहेर असतो. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमच्या वर तो नसावा, असे शास्त्र सांगते. कायमचे पुढचे दात हिरडीच्या आत घडत असतात ते वयाच्या पहिल्या चारपाच वर्षांत. त्या काळी असे पाणी पोटात गेले की दातांवरील कवच नीट घट्ट होत नाही, आणि दात उगवतात ते पांढुरके ठिपके व तपकिरी पट्टे घेऊनच. घासून ते जात नाहीत, कारण ती घाण नव्हे. ही गोष्ट शाळेतील इतर मुलींस कोण समजावणार? तिने स्वतःच एक उपाय शोधला. हसताना डावा हात तोंडावर नेऊ लागली. पंधरा वर्षांत तो हात इतका सरावला की घरच्यांस तो दिसेनासा झाला. परक्या माणसांस मात्र प्रथम तोच दिसतो.

लग्न ठरले आहे. मुलाच्या घरून दातांविषयी चकार शब्द निघालेला नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. विचार तिचा तिनेच काढला. दातांच्या दर्शनी बाजूस चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचे नखाएवढे पातळ पापुद्रे कायमचे चिकटवितात, त्यांस व्हिनीअर म्हणतात. सुतार लोक हलक्या लाकडावर सागाचा पापुद्रा चढवितात त्यासही हाच शब्द आहे, यावरून वाचकांस कल्पना यावी. गोव्यात हे काम करणारे दवाखाने पुष्कळ, आणि विलायतेतून माणसे समुद्रस्नान व दंतसंस्कार अशी दुहेरी यात्रा करण्यास तेथे येतात, ही माहितीही तिनेच आणली.

घरात खल झाला. बंधू म्हणाले, “देवाने दिले ते दात. त्यांवर कलाकुसर कशाला?” आमच्या कुटुंबाने त्यांस तेथल्या तेथे विचारले की, मग डोळ्यांवर चष्मा आहे तो कोणी दिला? आमची स्वतःची बत्तिशी रात्री वाटीत ठेविलेली असते, तेव्हा आम्ही या वादात मौन धरणेच शोभले. तथापि एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. संस्कृतात द्विज हा शब्द ब्राह्मणास लागतो, पक्ष्यास लागतो आणि दातासही लागतो. तिघांसही दोनदा जन्म. दुधाचा दात पडून आलेला दुसरा दात हा शेवटचा, असे भाषेने गृहीतच धरले आहे. त्यावर तिसरा जन्म द्यावयाचा तर आधीच्यास कितपत दुखवावे लागते, एवढेच आम्हांस पाहावयाचे होते.

सौंदर्याची कल्पना स्थिर असते असेही नाही. आमच्या आजीच्या आजीच्या काळी सवाष्ण बायका दातवण लावून दात काळे करीत, आणि काळेभोर दात हे सौभाग्याचे लेणे समजत. कवी तिकडे कुंदकळ्यांच्या उपमा देत होते, आणि घरोघरी लेकीसुना दात काळे करीत होत्या! आज दूरचित्रवाणीवर दिसणारा पांढरा रंग तर कुंदकळीसही साधत नाही.

असो. आम्ही उभयता, धाकट्या भावजय आणि नात असे चौघे पुण्याहून गोवा एक्सप्रेसने निघालो. मिरज, बेळगाव झोपेत गेले. कॅसल रॉकला जाग आली. 1961 पूर्वी येथे सरहद्द होती आणि जकातीसाठी उतारूंची पेटीन्‌पेटी उघडली जाई. आज तेथे माकडांखेरीज कोणी सामानाची चौकशी करीत नाही. पुढे घाट. पाऊस नुकताच उघडलेला. दूधसागर अंधारात दिसला नाही, पण ऐकू आला, आणि खिडकीतून आलेल्या तुषारांनी भावजयबाईंची शाल ओली झाली. मडगावास उतरलो तेव्हा झुंजुमुंजू झाले होते.

फोंडा महाल हे गोमंतकातील देवांचे माहेर म्हणावे, की आश्रयस्थान म्हणावे? मंगेशाचे मूळ स्थान जुवारी नदीकाठी कुशस्थळी, म्हणजे हल्लीची कुठ्ठाळी. पोर्तुगीजांचा छळ वाढल्यावर 1560 साली भक्तांनी देव हलविला तो प्रियोळास. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्णे सोडून म्हार्दोळास आली. हा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता. आज जी कौलारू शिखरे, घुमट, दीपमाळा आणि पुष्करिणी आपण पाहतो त्या सर्व मागाहूनच्या. मंगेशीची सात मजली दीपमाळ उन्हात इतकी शुभ्र दिसते की डोळे दिपतात. पोपळीच्या बागांतून पायवाटेने चालावे, सुपारीच्या झावळ्यांतून खाली पडणारे ऊन पाहावे, देवळाच्या अग्रशाळेत उतरावे, दुपारी खतखत्याचा वास सुटावा. तिरफळाचा तो वास ज्याने घेतला नाही त्यास शब्दांनी सांगून उपयोग नाही.

गोव्यातील कित्येक देवळांत कौल लावण्याची चाल आहे. मूर्तीच्या अंगावर नेमून दिलेल्या ठिकाणी ओल्या पाकळ्या अथवा कळ्या लावावयाच्या, गाऱ्हाणे घालावयाचे, आणि कोणत्या बाजूची आधी पडते यावरून होकार वा नकार समजावयाचा. भावजयबाईंनी हे आधीच मनात योजून ठेविले होते. दातांचा कौल देवीकडून घ्यावा, म्हणजे घरात पुढे कोणी कोणास बोल लावणार नाही. हा विचार वाटतो तितका भोळा नव्हे. एकत्र कुटुंबात निर्णयाचे ओझे कोणा एकाच्या माथी नसावे, यात शहाणपण आहे. परंतु मुलगी ऐकेना. म्हणाली, “आजी, देवी नको म्हणाली आणि मी तरी करून घेतले, तर तो तिचा अपमान. आणि ती हो म्हणाली व पुढे मला पस्तावा झाला, तर मी तिलाच दोष देईन. दोन्ही नको.” पुजारी वृद्ध होते. ते ऐकत होते. त्यांचे पुढचे दोन दात केव्हाच गेले होते आणि उरलेले विड्याने रंगले होते. ते हसून म्हणाले, “चेडू बरें उलयता.” कौल राहिला, ओटी भरून आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी कळंगुटच्या बाजूस समुद्राजवळ एका दवाखान्यात गेलो. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. आत थंडगार हवा, गुळगुळीत फरशी आणि भिंतीवर हसणारी मुखे. बाकावर एक साठीचे इंग्रज गृहस्थ होते. चौकशी करता म्हणाले, आपल्या देशात जो खर्च होतो त्याच्या काही अंशात येथे काम होऊन वर ऊनही मिळते. माणूस मोकळा होता. तोंड मात्र त्यांस मोठे मोठे वाटत होते, आणि शीळ घालता येत नाही अशी त्यांची तक्रार होती.

डॉक्टर तरुण व चटपटीत. त्यांनी मुलीचे छायाचित्र घेतले आणि पाच मिनिटांत यंत्राच्या पडद्यावर तीच मुलगी नव्या दातांनी हसत असलेली दाखविली. वर दहा, खाली दहा, असे वीस पापुद्रे, दाती चौदा हजार, सहा दिवसांत काम पुरे. एकूण दोन लक्ष ऐंशी हजार. रंगांची पट्टी पुढे ठेविली, तीत नैसर्गिक छटा संपल्यावर पुढेही चार छटा होत्या. आम्ही पुसले, तिचे स्वतःचे दात किती कापावे लागतील? “अगदी थोडे.” थोडे म्हणजे किती? आमचा जन्म शाळेत गेला असल्याने ‘थोडे’ हे उत्तर आम्ही कधी स्वीकारले नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की अर्धा मिलिमीटर, क्वचित थोडे अधिक. आणि पापुद्रे टिकतात किती? दहा ते पंधरा वर्षे, जपल्यास अधिकही. मग? “मग बदलता येतात.”

मुलीने बाहेर येऊन वाळूत बसकण मारली आणि हिशेब आम्हांसच घालावयास लावला. पंचविशीत पहिले, चाळिशीत दुसरे, पंचावन्नास तिसरे, सत्तरीस चौथे. दर खेपेस जुना पापुद्रा खरवडून काढावयाचा, आणि त्याबरोबर खालच्या दाताचा काही अंश जाण्याचा संभव. कवच हे शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य खरे. पण ते घडविणाऱ्या पेशी दात उगवतानाच नष्ट होतात, म्हणून गेलेले कवच पुन्हा येत नाही. दर्शनी बाजूस त्याची जाडी हिरडीपाशी जेमतेम तीनदशांश मिलिमीटर, टोकाकडे एकाच्या आसपास. त्यातले अर्धे द्यावयाचे! समुद्र समोर होता. भावजयबाईंस लाटांची भीती वाटत होती, मुलीस या अर्ध्या मिलिमीटरची.

पणजीस मांडवीच्या काठी एक जुनी भव्य इमारत आहे. 1842 साली स्थापन झालेली पोर्तुगीजांची वैद्यकशाळा पुढे येथे नांदत होती. रुग्णालय बांबोळीस गेले, दंतवैद्यकाचे सरकारी महाविद्यालयही तेथेच आहे, आणि या वास्तूत व तिच्या आवारात 2004 पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची वर्दळ असते. वैद्यकाच्या जागी सिनेमा यावा हे आमच्या प्रकरणास भलतेच साजेसे. कारण या पापुद्र्यांचा जन्मच सिनेमातला. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर असे पातळ कवच बसवून देत. ते कवळीच्या चिकट भुकटीने तात्पुरते चिकटत. चित्र घेऊन झाले की काढून ठेवावयाचे, कारण त्यांनी खाता येत नसे. बाल नटी शर्ली टेंपल हिचे पडलेले दुधाचे दात याच युक्तीने झाकीत, असे सांगतात. 1955 साली मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या कवचास आम्ल लावून ते खरखरीत केल्यास राळ त्यास घट्ट धरते, असे दाखविले. 1983 च्या सुमारास चिनी मातीच्या आतल्या बाजूसही तसेच आम्ल लावून तिला दाताशी जखडण्याची रीत निघाली. म्हणजे पहिली पन्नास वर्षे हा मुखवटा होता. तेव्हापासून तो देहाचा भाग झाला. मुखवटा संध्याकाळी उतरविता येतो, हा त्याचा केवढा गुण!

फोन्तेन्यास म्हणून पणजीत जुनी वस्ती आहे, तिच्या कडेला दुसरा दवाखाना होता. अरुंद गल्ल्या, पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती, वर चौकटीत बसविलेल्या निळ्या पांढऱ्या झिलईदार फरश्या. पोर्तुगीज अमदानीत शुभ्र रंग देवालयांसाठी राखून ठेवीत, लोकांनी घरास दुसरा रंग द्यावा, असे तेथील माणसे सांगतात. काही घरांच्या खिडक्यांस अजून काचेऐवजी शिंपा आहेत. पातळ तासलेल्या, चौकोनी कापलेल्या, दुधाळ. ऊन त्यांतून येते, पण नजर जात नाही. मुलगी त्या खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली.

येथील डॉक्टरीणबाई आमच्याच वयाच्या जवळपासच्या. त्यांनी छायाचित्र घेतले नाही. प्रथम दात कोरडे केले, मागून दिव्याचा झोत धरला, आणि पुष्कळ वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “मास्तर, कवच मजबूत आहे हो हिचे. डाग वरवरचा. एवढ्यासाठी एवढे कापू नये.” त्यांनी क्रम सांगितला तो असा. सौम्य आम्ल आणि बारीक पूड यांनी दाताचा अगदी वरचा थर, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा, घासून काढावा. तपकिरी रंग बहुधा त्यात जातो. मग घरी रात्री साचा घालून दात उजळावेत. पांढरे ठिपके उरलेच तर त्यांत पातळ राळ जिरविता येते. इतके करूनही समाधान झाले नाही तर पापुद्रे आहेतच, ते कोठे पळून जात नाहीत. ज्यांचे डाग खोल असतात, दात खड्डे पडून तुटके झालेले असतात, त्यांस पापुद्र्यांवाचून गती नाही, आणि त्यांचे त्याने कल्याणही होते. हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. झोपेत दात खाणाऱ्यास मात्र ते लाभत नाहीत. सांगण्याची ही रीत आम्हांस आवडली. उपाय लहानापासून मोठ्याकडे जावा. मोठ्यापासून आरंभ केला की मागे फिरता येत नाही.

पण मुलीस ते पापुद्रे एकदा तोंडात पाहावयाचे होतेच. बाईंनी हरकत घेतली नाही. दात न कापता, साच्यात तात्पुरता लेप भरून त्यांनी वरच्या सहा दातांवर नमुना चढविला. “जा, एक तास हिंडून या. आरशात पाहू नका फार, माणसांशी बोला.”

तो तास आमच्या ध्यानात राहील. गल्लीत पोह्याच्या चिवड्यापासून काजूगरापर्यंत विकणाऱ्या बाईशी ती घासाघीस करू लागली, आणि हसली. हात वर गेला नाही. आमच्या कुटुंबाने आमच्याकडे पाहिले. भावजयबाई तर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आम्हांस त्या क्षणी वाटले, दोन लक्ष ऐंशी हजार म्हणजे काय मोठे? द्यावेत टाकून. वृद्ध माणसांचे मन असे एका हास्याने फिरते, आणि म्हणूनच अशा बाबतीत आमच्यासारख्यांचे मत घेऊ नये.

मुलीने स्वतः मात्र भ्रमणध्वनीवर आपले छायाचित्र काढून नीट न्याहाळले. तिच्या पुढच्या दोन दातांत बारीकशी फट आहे. ती तिच्या बापास आहे, आजोबांस आहे, आमच्या वडिलांसही होती. नमुन्यात ती बुजून गेली होती. ती म्हणाली, “आजोबा, डाग पाण्याचे आहेत, ते जाऊ देत. फट आपल्या घरची आहे.” मग थोडे थांबून, “आणि वरच्या ओठाला हे जाड लागते. बोलताना स शिट्टी घातल्यासारखा येतो. कोर्टात काय करू?”

बाईंनी नमुना उतरविला आणि त्याच दिवशी पहिली घासणी केली, दोन दिवसांनी दुसरी. बाजूचा एक दात मूळचाच खुंटीसारखा बारीक होता, त्यावर तेवढी दातासारख्या राळेची भर घातली. तीत कापणे काही नाही, पुढेमागे काढताही येते, पाचसात वर्षांनी डागडुजी लागेल एवढेच. सर्व मिळून एकवीस हजार झाले. तपकिरी पट्टे गेले. पांढुरके ठिपके थोडे आहेत; तोंड कोरडे पडले म्हणजे ते अधिक दिसतात, ओले असता विरून जातात. पापुद्र्यांचा विचार तिने सोडला आहे असे नाही. चाळिशीत वाटले तर करीन, तोवर कवच माझे मला असू दे, असे तिने बंधूंस दूरध्वनीवर कळविले. बंधूंनी फक्त एकवीसच का, एवढेच विचारले. दोन लक्षांची तयारी त्यांनी गुपचूप करून ठेविली होती, हे तेव्हा कळले.

अडचण आली ती निराळीच. ताज्या घासलेल्या दातांस रंग लवकर चढतो, म्हणून दोन दिवस चहा, हळद, आमसूल, विडा सर्व वर्ज्य. गोव्यात, देवळाच्या अग्रशाळेत, नवरात्राच्या तोंडावर हे पथ्य! खतखते पिवळे, सोलकढी गुलाबी, वरणात हळद. भावजयबाई हताश झाल्या. प्रसाद नाकारावा कसा? अखेर त्या वृद्ध पुजाऱ्यांस विचारले. त्यांनी केळीच्या पानावर पांढरा भात, नारळाचे दूध आणि थोडी साखर वाढविली, आणि तोच तिचा प्रसाद असे सांगितले. शेजारच्या पानावर सोलकढीचे दोन पेले आले, ते आम्ही घेतले. मुलगी आमच्याकडे पाहून हसली आणि सवयीने हात तोंडाशी नेऊ लागली, तो अर्ध्यातच थांबला. हाताला नारळाचे दूध लागले होते.